माग पहिल्या मजल्यावर चढवला तेव्हा

परवा मावसबहिणीची पोरगी घरी आली, बारावीला आहे, हातात फोन आणि चेहऱ्यावर टेन्शन. मावशी, नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची ती प्रवेश परीक्षा, देऊ की नको? बाबा म्हणतायत सिव्हिल कर, आई म्हणते इंटिरियर कर, मला चित्रं बरी येतात मग आर्किटेक्चर की काय. मी सरळ माहिती द्यायला लागले, 5 वर्षं, 10 सेमिस्टर, त्यातली एक ऑफिसात ट्रेनिंगची, बारावीला गणित-फिजिक्स पाहिजे, नाटा नाहीतर जेईईचा तो आर्किटेक्चरवाला दुसरा पेपर, आणि डिग्री मिळाली की लगेच नावाआधी आर्किटेक्ट लावता येत नाही, आर्किटेक्चर कौन्सिलकडं रजिस्ट्रेशन करावं लागतं, 1972 चा कायदाच आहे तसा. ती म्हणाली हे सगळं गूगलवर आहे गे मावशी. आहे की. मग मी तिला आपल्या बेळगावातल्या वडगावच्या मागाची गोष्ट सांगितली.

2019 च्या ऑगस्टमधे काय पाऊस लागलेला आठवतोय ना. बळ्ळारी नाला भरला, शिवारात पाणी, मग गल्लीत पाणी, मग घरात. वडगाव-शहापूरकडं विणकरांची घरं, बरेच जण घरात कन्नड बोलतात आणि दारात मराठी, आणि माग, मोटरवर चालणारा, घरातच असतो, पुढच्या खोलीत माग मागच्या खोलीत चूल. पाणी आलं की आधी माग भिजतो. माझ्या थीसिसची, म्हणजे आर्किटेक्चरच्या शेवटच्या प्रोजेक्टची वेळ आली तेव्हा डोक्यात तोच पूर होता, म्हटलं विणकरांची घरंच करूया. आणि मी काय केलं तर सगळे माग उचलून पहिल्या मजल्यावर नेले. खाली मोकळं, कॉलमवर घर, पाणी येऊदे जाऊदे. शीट इतकी देखणी झालेली, खाली पोरं खेळतायत, वर खिडकीतून रंगीत साड्या दिसतायत, संध्याकाळचं ऊन. मधल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांना काम दाखवतात त्यात, सगळे खुश, एक सर तर म्हणाले हे कॉम्पिटिशनला पाठव.

मी त्याच खुशीत प्रिंट घेऊन वडगावला गेले, ज्यांच्या घराची मापं घेतलेली त्या काकांना दाखवायला. बा तंगी, कुंद्रु, ये बाई, बस, म्हणाले, चहा आला. चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि मग हसायला लागले. माग वर? स्लॅबवर? पोरी, हा चालू झाला की हितं खाली जमीन थरथरतीया, वर ठेवलास तर शेजारचे काठ्या घेऊन येतील, आणि पूर यायच्या आधी आमचा स्लॅबच खाली येईल. मग माझ्या पश्चिमेच्या मोठ्या खिडकीवर बोट ठेवलं. हे ऊन सुतावर पडणार? वरती उन्हाळ्यात भट्टी होतीया, ताणा, हे उभं सूत, वाळलं की तुटतंय, दिवसभर गाठी मारत बसायचं काय? त्यांच्या आज्ज्याचा हातमाग खड्ड्यात होता, पाय खड्ड्यात सोडून बसायचं, जमिनीचा ओलावा सुताला लागायचा म्हणून धागा टिकायचा. मला वाटत होतं तो खड्डा म्हणजे गरिबी. हे मी 4 वर्षांत एकाही लेक्चरला ऐकलेलं नाही, आणि मी विचारलंही नव्हतं, मापं घेताना मी फक्त टेप बघत होते.

मग मी पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला, काका पाणी आलं तेव्हा तुम्ही काय वाचवलंत? तर माग त्यांनी वाचवलाच नव्हता. लोखंड आहे, पाणी उतरलं की धुवायचं, तेल घालायचं, चालू होतंय कसंतरी. वाचवली ती मोटर, चार बोल्ट सोडून माळ्यावर टाकली, आणि सूत. बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला तो जड रूळ, मात्र गेला, त्यावरची अर्धी साडी पण गेली, कारण तो एकट्या माणसाला उचलत नाही आणि पोरगा तेव्हा बाहेरगावी. स्टार्टरचा बोर्ड गुडघ्याएवढ्या उंचीवर, तोही जळाला.

झालं, माझं डिझाइन तिथंच संपलं आणि दुसरं चालू झालं. माग जमिनीवरच. जोतं दीड फूट वर. बोर्ड छातीच्या वर. बीम ठेवता येईल असा दणकट माळा, आणि मागाच्या बरोबर वर छताला एक कडी, कप्पी अडकवून एकट्या म्हाताऱ्यालाही बीम वर ओढता यावा. खिडकी उत्तरेला. ते सगळं काढून फायनल ज्युरीला गेले तर पहिला प्रश्न, यात डिझाइन कुठं आहे? आधीचं किती छान होतं. मार्क कमी पडले, तोंड वाकडं करून घरी आले. फक्त एका मॅडमनी जाताजाता विचारलं की आर्किटेक्ट बी. व्ही. दोशींचं अरण्य बघितलंस का. इंदूरची वसाहत, त्यात कित्येकांना पूर्ण घर दिलंच नव्हतं, जोतं दिलं आणि पाणी-संडासाची सोय दिली, बाकी लोकांनी आपापल्या ऐपतीनं वाढवत नेलं. म्हणजे जोत्यालाही डिझाइन म्हणतात. दोशींना 2018 ला प्रित्झकर, आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं, मग जरा बरं वाटलं.

मग तिला लीडरशिपचंही सांगितलं. कॉलेजात तो शब्द फार ऐकला. मी नासाच्या कामात होते, म्हणजे ते रॉकेटवालं नाही, आर्किटेक्चरच्या पोरांची देशभरची संघटना असते ती. मजा आली, जागरणं केली, बॅनर बांधले, भांडले. पण आपल्याकडं कुठलाही पोरगा गणपती मंडळात हेच शिकतो की, वर्गणी गोळा करायची, मंडप घालायचा, दोन काकांची भांडणं मिटवायची, आणि शिवजयंतीचा चित्ररथ रात्रभर गर्दीतून न्यायचा. फ्रान्सिस केरेचं बघा, बुर्किना फासोचा माणूस, बर्लिनमधे शिकत असतानाच पैसे जमवून त्यानं आपल्या गांडो गावात शाळा बांधली, 2001 ला झाली ती. गावकऱ्यांना मातीचं बांधकाम नकोच होतं, पावसात वाहून जाईल म्हणायचे. मातीत थोडं सिमेंट घालून विटा केल्या, भिंतींपासून वर उचललेला पत्रा टाकला, वारा खेळता राहिला, पण त्याआधी लोकांना पटवण्यात किती वेळ गेला असेल. 2022 ला त्यालाही प्रित्झकर मिळालं. आपल्याकडं जांभ्याचं घर नि मंगळुरी कौलं म्हटलं तरी लोक म्हणतात, गरिबाचं घर देताय काय, स्लॅब टाका.

थीसिस संपल्यावर मी आणि तिथल्या मंडळाची पोरं मिळून एक काम केलं. देवळाच्या पायरीवर 2019 च्या पाण्याची खूण होती, ती धरून पाण्याच्या नळीनं गल्लीतल्या चाळीसेक घरांची लेव्हल काढली. गवंडी वापरतात ती साधी पारदर्शक नळी, एक टोक खुणेवर, एक टोक घराच्या भिंतीला, दोन्हीकडं पाणी सारखं थांबलं की पेन्सिलनं रेघ. बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं, आमचं पहिल्या दिवसाचं सगळं चुकलं, परत केलं. त्यातनं कळलं काय तर घरं खाली गेलेली नाहीत, रस्ता वर आलाय. दरवेळी जुना न खरवडता त्याच्यावर नवा थर, असं करत करत रस्ता ओट्याच्या वर गेला, मग पाणी घरातच येणार की. नकाशा केला, अर्ज केला, ऑफिसात म्हणाले कन्नडमधून आणा. कन्नड मला वाचता येतं, लिहिताना घाम फुटतो. काकांच्या मुलीनं अर्ध्या तासात लिहून दिला, वर माझे दोन आकडे पण दुरुस्त केले. पुढच्या वेळी अर्धी गल्ली खरवडून रस्ता केला, उरलेली अर्धी तशीच थापली. का ते कुणी सांगत नाही.

पैशाचं पण सांगितलं तिला, सुरुवातीला फार नसतात, आणि बेळगावात तुम्ही इंजिनिअर बाईच असता, प्लॅन पास करून द्या एवढंच लोकांना हवं असतं, फी मागितली की चार कागदांचे एवढे पैसे होतात काय म्हणतात. पहिली काही वर्षं नातेवाइकांचे प्लॅन फुकटच होतात, माझे झालेत.

ती सगळं ऐकत होती, मधेच म्हणाली, म्हणजे देऊ की नको? मी म्हटलं, येत्या रविवारी गल्लीचा उरलेला भाग मोजायचाय, नळीचं दुसरं टोक धरायला माणूस कमी आहे, सकाळी आठला ये, चप्पल जुनी घाल.