वारा पडल्यावरचे गणित

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि हवामानाच्या नोंदींतही वाऱ्याच्या दिशा सोळाच मानतात. या योगायोगाचा मोह पडून हवेच्या प्रवाहाचे सिम्युलेशन शिकताना मी पहिले मोठे प्रारूप गोलाईचेच करायला घेतले. मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती दुकानांचे कडे आणि त्यातून चहूकडे फुटणारे रस्ते, असा देखणा नमुना मराठवाड्यात दुसरा नाही, असे मी लातूरकराच्या अभिमानाने म्हणतो.

ओपनफोम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोकळ्या हवेचे लहान लहान खोक्यांत विभाजन करावे लागते आणि प्रत्येक खोक्यासाठी नेव्हिए-स्टोक्स समीकरणे, म्हणजे प्रवाहाच्या गतीची समीकरणे, अंदाजाने सोडवली जातात. खोक्याची बाजू निम्मी केली की खोक्यांची संख्या आठपट होते, त्यामुळे घरच्या संगणकावर तडजोड अटळ असते. शिवाय इमारतींच्या उंचीच्या पाचपट जागा वारा येतो त्या बाजूला आणि पंधरापट जागा मागच्या बाजूला मोकळी सोडावी, असा संकेत आहे. त्यामुळे प्रारूपातला बराचसा भाग गोलाईबाहेरच्या रिकाम्या हवेचाच असतो.

वाहता वारा दिला की चित्र छान येते. शहरी हवामानाचे अभ्यासक टिमोथी ओक यांनी 1988 साली मांडले होते की, इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीच्या सुमारे 0.7 पटीपलीकडे गेली की रस्त्याला आडवा येणारा वारा छतांवरूनच सरकत निघून जातो आणि खाली रस्त्यात एक भोवरा फिरत राहतो. या भोवऱ्यात जमिनीलगतची हवा वाऱ्याच्या उलट दिशेने वाहते. म्हणून पश्चिमेचा वारा असताना गाड्यांचा धूर पूर्वेच्या दुकानांपुढे साचेल असे वाटते, पण प्रत्यक्षात तो पश्चिमेकडच्या ओळीच्या पायथ्याशी अधिक साचतो.

अडचण हिवाळ्यात येते. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत लातूर, जालना आणि तेव्हाचे औरंगाबाद ही तिन्ही शहरे आहेत. आपल्याकडे हवा सर्वांत वाईट असते ती साधारणपणे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, जेव्हा आभाळ निरभ्र असते, जमीन झपाट्याने निवते, थंड हवेचा थर खाली बसतो आणि वारा पडतो. नेमक्या याच वेळी गणित लंगडे होते. धुराच्या लोटाच्या नेहमीच्या सूत्रात वाऱ्याचा वेग छेदस्थानी असतो, त्यामुळे वेग शून्याकडे गेला की प्रदूषणाचा आकडा अनंताकडे धावतो. वाट्यांचा वेगमापक मंद वाऱ्यात फिरतच नाही, आणि नेहमीच्या पद्धतीच्या प्रारूपात तर संगणकाला वाऱ्याची एक ठरावीक दिशा सांगावीच लागते. अशा रात्री हवा हलते ती दिवसभर तापलेल्या भिंतींच्या उष्णतेने, चहाच्या गाड्यावरच्या शेगडीने, शेकोट्यांनी. म्हणजे वाऱ्याच्या आकड्यापेक्षा भिंतींचे तापमान अधिक महत्त्वाचे ठरते, आणि ते कोणी मोजून ठेवलेले नसते. झुळझुळत्या वाऱ्यावर काढलेली रंगीत चित्रे दाखवून शहराच्या हवेचा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा ही गोष्ट बहुतेक वेळा अनुच्चारित राहते, आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

घराच्या आत मात्र पडलेला वारा गणित सोपे करतो. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जुन्या घरात छताला साणे (धूर-उजेडासाठीचे भोक) असते आणि खाली चूल. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी गरम असेल आणि दार व साणे यांच्या उंचीत तीन मीटरचे अंतर असेल, तर दोन्ही ठिकाणच्या दाबांतील फरक मिळून जेमतेम एक पास्कल भरतो. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, हे लक्षात घेतले तर हा फरक किती नगण्य ते कळेल. तरीही धूर वर खेचून बाहेर काढायला तो पुरतो. अट एवढीच की खालून तेवढीच हवा आत आली पाहिजे. वाट दोन तोंडांची असली की प्रवाह लहान तोंडाच्या मापाने ठरतो. थंडीमुळे दार लावून घेतले की साणे कितीही मोठे असले तरी धूर आतच घुटमळतो. म्हणून जुन्या घराची डागडुजी करणाऱ्याने साण्याचे माप वाढवण्याआधी चुलीच्या बाजूच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक झरोका ठेवावा; तो रात्रीही उघडा राहील अशा ठिकाणी असावा आणि उंदीर-घुशी येऊ नयेत म्हणून त्याला जाळी बसवावी. जाळीमुळे मोकळी जागा कमी होते, तेव्हा झरोका तेवढा मोठा धरावा.