पुन्हा उघडलेल्या थीम पार्कात एक दिवस

कोरोनाच्या लॉकडाऊननंतर थीम पार्क उघडलं आणि पहिल्या काही आठवड्यांतच आम्ही सहकुटुंब जाऊन आलो. "आत्ताच कशाला ही हौस?" असं घरच्यांनी सुनावलं होतंच. जाऊन आल्यावर माझं मत असं: राइड्सना भिऊ नका, रांगेला आणि जेवणाच्या टेबलाला भ्या.

तेव्हा नुसत्या तिकिटावर भागत नव्हतं, तारखेचं बुकिंगही आधी करावं लागायचं. शांघायचं डिस्नीलँड ११ मे २०२० ला उघडलं तेव्हा क्षमतेच्या ३० टक्क्यांवर माणसं सोडायची नाहीत अशी सरकारी मर्यादा होती. इतरत्रही गर्दीला कात्री लागली ती अशीच. दारात ताप मोजत होते. आमच्या पुढच्या काकांचा आकडा उन्हामुळे चढला, तेव्हा त्यांना सावलीत बसवून पुन्हा मोजला. पण लक्षणं नसलेला बाधित माणूस या यंत्राला सापडत नाही, हे लक्षात असू द्या.

खरी गोम नागमोडी रांगेत आहे. जमिनीवरच्या खुणांमुळे पुढचा-मागचा लांब राहतो, पण शेजारच्या पट्ट्यातून उलट येणारा अगदी खांद्याला खांदा लावून जातो. मधला पट्टा रिकामा ठेवलेला असेल किंवा पारदर्शक पडदा असेल तर उभे राहा. एका बंदिस्त राइडला यातलं काहीच नव्हतं, आम्ही सरळ मागे फिरलो. व्हर्च्युअल रांग (मोबाइलवर नंबर लावायचा, आपली वेळ आली की जायचं) असेल तर तीच घ्या.

रोलर कोस्टरवर एक आड एक ओळ मोकळी होती, वर भन्नाट वारा. प्रश्न ओरडण्याचा, कारण ओरडताना तोंडातून थेंब जास्त उडतात. जपानमधल्या पार्कांनी २०२० मध्ये न ओरडण्याचीच विनंती केली. त्यांतल्याच फुजी-क्यू हायलँड या पार्कच्या दोन अधिकाऱ्यांनी तर मास्क लावून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता कोस्टरवर बसून दाखवलं आणि सांगितलं, मनातल्या मनात किंचाळा! आमच्या डब्यात पहिल्या उतारालाच हा नियम हवेत विरला. त्यामुळे जमलं तर सगळ्यात पुढची ओळ मिळते का विचारून बघा, म्हणजे आपल्यापुढे ओरडणारं कुणी नसतं.

सॅनिटायझर हातावर पूर्ण वाळू द्या, ओल्या हाताने दांडा निसटतो. पाण्याच्या राइडनंतर भिजलेल्या मास्कमधून श्वास घेववत नाही, म्हणून माणशी दोन-तीन जास्तीचे मास्क बंद पिशवीत ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नका.

जेवायला बसलं की सगळ्यांचेच मास्क उतरतात. आम्ही ऐन दुपार टाळून उशिरा जेवलो, तेही बाहेरच्या टेबलांवर. ऑर्डर मोबाइलवरून दिली.

मिरवणूक आणि आतषबाजी बंदच होती, त्यामुळे शेवटपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. पार्क बंद व्हायच्या तासभर आधी निघा. दिवसभर अंतर राखायला सांगणारे कर्मचारी बाहेर पडायच्या दाराशी मला तरी दिसले नाहीत, आणि रेटारेटी नेमकी तिथेच होती.