तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फ्लर्टचं एवढं काय कौतुक?

स्वित्झर्लंडला येणारी आपली माणसं डोंगरातल्या काचेच्या छताच्या गाड्यांची तिकिटं काढून येतात आणि मी त्यांना साध्या लोकलचा दरवाजा दाखवत बसतो. मग प्रश्न ठरलेलाच: "अहो, एवढ्या भारी गाड्या सोडून या लोकलचं काय कौतुक तुम्हाला?"

ही लोकल म्हणजे श्टाडलर कंपनीची 'फ्लर्ट'. जर्मन शब्दांची आद्याक्षरं जुळवून ठेवलेलं नाव आहे; हसून घ्या, मग पुढे वाचा.

गाडी थांबली की दार उघडायच्या आधी खालून एक फळी सरकत बाहेर येते आणि फलाटाची फट बुजते. बाबागाडी, व्हीलचेअर, सामानाची बॅग, सगळं सरळ आत. इथले फलाट 55 सेंटीमीटर उंच, म्हणजे जेमतेम गुडघ्याएवढे, आणि डब्याचा तळही जवळपास तेवढ्याच उंचीवर. आता आपल्या लोकलचा मोटर कोच आठवा. त्याच्या पोटाखाली मोटारी असतात, म्हणून तळ उंच. मग इथल्या मोटारी गेल्या कुठे?

तर त्या दोन टोकांना. चार डब्यांची फ्लर्ट 74 मीटर लांब, पण बोगी (डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा संच) फक्त पाच, कारण शेजारच्या दोन डब्यांत मिळून एकच बोगी. मोटारी पहिल्या आणि शेवटच्या बोगीत, बाकीची बरीचशी यंत्रणा छपरावर आणि मोटरमनच्या पाठीमागे. मधली जागा सगळी माणसांची. सांगाडा अॅल्युमिनियमचा, त्यामुळे वजन 120 टनांच्या आसपास आणि ताकद 2600 किलोवॉटपर्यंत. कमाल वेग ताशी 160 किलोमीटर आहे, पण दर तीन-चार मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला त्याचं काय मोठंसं? ती फलाट सोडताना कशी झेप घेते ते बघा.

याआधी याच कंपनीची 'जीटीडब्ल्यू' होती, 1990च्या दशकातली. तिचं इंजिन गाडीच्या मधोमध, एका छोट्या खोक्यात. पलीकडच्या डब्यात जायचं तर त्या खोक्यातल्या अरुंद बोळातून. फ्लर्टने ते खोकं काढून टाकलं आणि 2004च्या डिसेंबरात त्सुग शहराच्या लोकलसेवेत ती धावायला लागली.

खरी गंमत पुढची. एस्टोनियाला 2013च्या सुमारास नव्या गाड्या हव्या होत्या, पण तिथल्या बऱ्याच मार्गांवर विजेच्या तारा नव्हत्या. मग काढून टाकलेलं खोकं डिझेल इंजिनांसाठी पुन्हा मधोमध आलं, बोळासकट! (रंग नारिंगी, म्हणून तिथले लोक गाडीला 'गाजर' म्हणतात.) पुढे इंग्लंडच्या पूर्व भागातल्या गाड्यांत तेच खोकं. त्यात डिझेल इंजिनं फक्त वीज तयार करतात, चाकं फिरवणाऱ्या मोटारी टोकांनाच. तारा आल्या की इंजिनं बंद आणि तारेतून वीज घेणारा छपरावरचा पँटोग्राफ वर. वेल्समधल्या काही गाड्यांत त्याच खोक्यात एकच इंजिन ठेवून बाकी जागी बॅटऱ्या बसवल्या. कॅलिफोर्नियासाठी त्यातच हायड्रोजनच्या टाक्या. 2024च्या मार्चमध्ये ती गाडी चाचणीत एकदा भरलेल्या हायड्रोजनवर 2803 किलोमीटर धावली. आणि फिनलंडसाठी रुंद रूळ आणि रुंद डबे, नॉर्वेसाठी कडाक्याची थंडी आणि ताशी 200 किलोमीटर. मूळ आराखडा मोडावा लागला नाही. मला कौतुक आहे ते याचं. वेगवान गाडी बनवणारे पुष्कळ आहेत. पाच-दहा गाड्यांची मागणी घेऊन आलेल्या छोट्या गिऱ्हाइकालाही परवडेल असं घराणं उभं करणं अवघड.

तोटेही आहेत. बोगी सामायिक असल्यामुळे एक डबा बिघडला की तो काढून बाजूला ठेवता येत नाही, अख्खी गाडी कारशेडला. विरार फास्टची गर्दी तर या गाडीला झेपायचीच नाही, त्यामुळे "आपल्याकडे आणा" असं मी कुणाला म्हणत नाही. दिवा-रोहा मेमूचं मात्र मनात येतं. तिथे गर्दीइतकाच त्रास चढण्या-उतरण्याचा आहे. डब्याचा तळ अजूनही फलाटापासून चांगलाच वर असतो आणि म्हाताऱ्या माणसाला चढवायला खालून एक, वरून एक असे दोघं लागतात.