नॉरवॉकचा सिल्वा

अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या या नॉरवॉकला येऊन वर्ष झालं तरी मला पत्ता नव्हता, की पियानोवादक होरेस सिल्व्हर इथेच जन्मला, १९२८ साली. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात खोकं चाळताना एक कव्हर हाती आलं. हॅट घातलेला, चिरूट ओढणारा म्हातारा. नाव 'साँग फॉर माय फादर'. मला वाटलं, हाच वाजवणारा. पण हा त्याचा बाप, जॉन सिल्व्हर. मूळ आडनाव सिल्वा!

आम्ही सावंतवाडीचे. सिल्वा म्हटलं की आम्हाला बांद्यापलीकडचा गोवाच दिसणार. हे सिल्वा मात्र आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या केप व्हर्देतले, मायो बेटावरचे. मालक तेच, पोर्तुगीज. गोव्यातून ते १९६१ला गेले, तिथून १९७५ला.

जॉन इथे टायरच्या कारखान्यात कामाला होता. कधीमधी शनिवारी रात्री घरच्या स्वयंपाकघरातच नाच व्हायचा. बायका चिकन तळायच्या, बटाट्याचं सॅलड करायच्या आणि बाप्ये बेटावरची गाणी वाजवायचे. (आमच्या इथल्या मराठी पॉटलकला पावभाजी असते, पण पेटी काढायला कोणी तयार नसतं.)

बापाचं एकच टुमणं: आपल्या गाण्यांचं जॅझ कर की. पोरगा काही मनावर घेईना. मग १९६४च्या कार्निव्हलला तो रिओला गेला. तिथलं बोसा नोव्हा संगीत कानात घेऊन परतला आणि त्या ठेक्यावर चाल बांधायला बसला, तर निघाली ती थेट बापाच्या वळणाची. काखेत कळसा, आणि वळसा पार ब्राझीलचा! ऑक्टोबरात रेकॉर्डिंग झालं आणि पुढच्या वर्षी ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने आल्बम काढला. त्यात 'कलकत्ता क्यूटी' पण आहे. मला तिच्यात कलकत्ता कुठे सापडलं नाही, असो. शीर्षकाची चाल मात्र सुरू झाली की सोडत नाही. बास खाली दोन सुरांवर सावकाश डुलत राहतो, वर फुंकायची वाद्यं उदास पण ऐटीत चालतात, आणि जो हेंडरसनचा सॅक्सोफोन आला की मी भांडी घासायची थांबतो.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांना कव्हर दाखवलं. ते गेली चाळीस वर्षं भजनाला पेटी वाजवतात.

"ह्यो वाजयता?"

"नाय, ह्यो बापूस. वाजयता तो झील."

रेकॉर्ड लावली. थोडा वेळ ऐकून ते काही न बोलता उठले आणि पेटी घेऊन आले. भाता हलवत दोन सूर धरले, अगदी बासचेच. पण फोनवर आवाज मागेपुढे पोचत होता, ठेका काही जुळेना. तिसऱ्यांदा चुकल्यावर वैतागले.

"तुझा ता बंद कर बघया आधी."