ताळा

आकाशकंदील दुकानांत नुकते लागायला लागले होते. ऑक्टोबर २०१०. बाईंचा फोन आला, “अरे, कॉम्प्युटर जरा हळू झालाय. सवडीने येऊन जा.” पाचवीला मला गणित शिकवणाऱ्या बाई. त्यांनी बोलावल्यावर कसली सवड बघायची? त्याच दुपारी गेलो.

स्क्रीनवर ‘सिक्युरिटी टूल’ उघडं होतं, म्हणजे व्हायरसची भीती घालून पैसे उकळणारं खोटं अँटिव्हायरस. त्या वर्षी कराडात हे सोंग मी आठवड्याला एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या घरी उतरवत होतो. पण एरवी ते कायम आरडाओरडा करताना भेटायचं. साधं नोटपॅड उघडायला गेलं तरी ‘फाइल इन्फेक्टेड’ म्हणून बंद पाडायचं, आणि इशाऱ्यातल्या ‘कीलॉगर’ (दाबलेली बटणं चोरून टिपणारा प्रोग्राम) या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जी कमी असायचा. बाईंकडे मात्र सगळं शांत. एकही इशारा नाही. ते शांत कधी होतं हे मला माहीत होतं, म्हणून पोटात गोळा आला.

“बाई, याला पैसे भरलेत का?”

त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “परवा भरले.” रांगोळीचे नमुने शोधत होत्या. एका चित्रावर क्लिक केलं आणि खिडकी उघडली, व्हायरस मोजायला लागली. अडतीस. घरातलं खरं अँटिव्हायरस उन्हाळ्यातच संपलं होतं. रेल्वेची तिकिटं काढायला मुलाने दिलेलं क्रेडिट कार्ड त्यांनी काढलं आणि साडेतीन हजारांच्या आसपास रक्कम भरली. मुलाला सांगितलेलं नव्हतं. “पण पैसे भरले आणि सगळं थांबलं की रे. म्हणजे खरंच असेल ना?”

इंटरनेटची वायर मी आधी काढली. मग कार्डाच्या मागचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत थांबला असता, कार्ड थांबणार नव्हतं. पंधरा मिनिटांत ते ब्लॉक झालं, तक्रारीचा नंबर त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवला.

त्यांचा प्रश्न राहिलाच होता. नुसतं ‘खोटं आहे’ म्हणून भागणार नव्हतं. बाई आम्हाला प्रत्येक गणिताचा ताळा करायला लावायच्या. म्हटलं, याचाही करू.

आयकार नावाची एक चाचणी-फाइल असते. अडुसष्ट अक्षरांची एक ओळ, पूर्ण निरुपद्रवी. पण कुठल्याही खऱ्या अँटिव्हायरसने ती बघताच ओरडायचं, असं कंपन्यांनी आपसांत ठरवून ठेवलंय. ती ओळ माझ्या डायरीत आहे. मी नोटपॅडमध्ये टाइप करत गेलो आणि बाई बोट ठेवून एकेक अक्षर तपासत गेल्या. तिसरं अक्षर ओ आहे, शून्य नाही, ही माझी चूक त्यांनीच पकडली. फाइल सेव्ह केली, ‘सिक्युरिटी टूल’ला पूर्ण स्कॅन करायला सांगितलं. मिनिटभरात निकाल: काहीही सापडलं नाही.

“आणि कॅबिनेटवरचा तो लाल दिवा बघितलात? हार्ड डिस्क वाचली जाते तेव्हा तो लुकलुकतो. आत्ता जवळजवळ हललाच नाही. यानं एक फाइलसुद्धा उघडली नाही, बाई. नुसते आकडे पळवले.”

बाई खुर्चीत मागे टेकल्या. “म्हणजे मी चित्राला पैसे दिले.”

मी त्यांना सांगितलं, आणि आजही प्रत्येकाला सांगतो, की यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये अशाच एका टोळीला कोर्टात खेचलं, तेव्हा फसलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या वर होता. इशारा दिसला की तो गांभीर्याने घेणारी, जबाबदारीने वागणारी माणसंच यात सापडतात. त्या चोरांचा मला राग येतो तो याचाच.

पुढचं काम नेहमीचं. एफ-८ दाबून सेफ मोड, म्हणजे गरजेपुरतंच सुरू होणारं विंडोज. ॲप्लिकेशन डेटाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाचं एक फोल्डर, आत त्याच आकड्यांची फाइल. ते काढलं, रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतून, ती आपोआप सुरू करणारी नोंद काढली. मग सीडीवरून मालवेअरबाइट्स हे असली सोंगं शोधून काढणारं खरं सॉफ्टवेअर टाकलं, सेटअपचं नाव बदलून, कारण मूळ नाव ओळखून अशी सोंगं ते चालूच देत नाहीत. पेनड्राइव्ह मी अशा घरी लावत नाही, एका घरचा व्हायरस दुसऱ्या घरी जातो. फॉरमॅट मारून अर्ध्या वेळात मोकळा झालो असतो. आमच्या धंद्यात ती सवयच पडलीय. पण नातीच्या जन्मापासूनचे फोटो त्याच डिस्कवर होते, आणि दुसरीकडे कुठेही नव्हते.

खऱ्या स्कॅनला दीड तास लागला. बाई चहा घेऊन शेजारी बसल्या होत्या आणि स्क्रीनकडे न बघता त्या लाल दिव्याकडे बघत होत्या. तो एकसारखा लुकलुकत होता. दोन उरलेल्या फाइली निघाल्या, त्या काढल्या. ईमेलचा पासवर्ड दुकानातल्या मशीनवरून बदलायचं ठरलं, नवीन अँटिव्हायरस टाकलं. त्यानं आयकारची फाइल बघताच लाल खिडकी उघडली. बाईंनी तो इशारा दोनदा वाचला.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा त्यांनी फोन उचलला. “अरे, मी बोलतेय. जेवलास का? बरं, ऐक, तुझ्या कार्डाचं एक सांगायचं राहिलंय...”