टायमिंग चेननं चालवलेलं गॅरेज: आमची वाटचाल

नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याला लागून आमचं गॅरेज आहे. पाटीवर ‘सर्व प्रकारची डिझेल कामे’ असं लिहिलंय आणि ती आम्ही करतोही. पण जुन्नर, संगमनेर, पार खेड-मंचरकडून गाड्या येतात त्या मुख्यतः एका कामासाठी: ओएम ६१६ इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांचा मेळ राखणारी साखळी.

हे इंजिन मूळ मर्सिडीज-बेंझचं. चार सिलिंडर, २.४ लिटर. जर्मनीत ज्या २४० डी मोटारी टॅक्सी म्हणून पळाल्या, त्यांच्यात हेच होतं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सनं, परवाना घेऊन ते इथं बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलर, नंतरचे मॅटाडोर यांत बसवलं. ट्रॅव्हलर आली १९८७ साली. आम्ही शटर उघडलं तेव्हा आमच्या भागात वाशीला टोमॅटो नेणारी, लग्नाचं वऱ्हाड आणणारी, शाळेची पोरं सोडणारी गाडी बहुतेक वेळा हेच इंजिन घेऊन फिरायची.

आमच्याकडचे सगळे मिस्त्री मोठ्या गाड्यांवर शिकलेले. टाटा-लेलँडच्या ट्रकला टायमिंगला गिअर असतात. एकदा खुणा जुळवून बसवले की इंजिन बांधायला येईपर्यंत तिकडं कोणी बघत नाही. टेम्पोलाही तोच नियम लावला जायचा, आणि घोळ तिथंच होता. इथं दुहेरी चेन क्रँकवरून (पिस्टन फिरवतात तो दांडा) निघून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टही फिरवते आणि डिझेल पंपही. लोक म्हणतात चेन ताणली. चेनच्या कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश झिजतात. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी असते, ती ही झीज वाढवते, आणि ऑइल बदलायला उशीर झाला की विचारूच नका. एकेका सांध्याची झीज नजरेला दिसत नाही, पण सगळ्या सांध्यांची मिळून कॅमला आणि पंपाला काही अंश मागं टाकते.

मग गाडी थंडीत लवकर चालू होत नाही, धूर टाकते, माळशेज चढताना दम टाकते. मालक आधी डिझेल फवारणारं नोझल बदलतो. मग पंप काढून पंपवाल्याकडं देतो. तो बेंचवर लावून सांगतो, “पंप चोख आहे, शेठ.” गॅरेजवाला म्हणतो, पंपातच खोट आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर! चोख पंप झिजलेल्या चेनवर बसवला, तर डिझेल उशिराच पडणार. शेवटी कोणीतरी सांगतं की इंजिन बसलं, बोअर करा, म्हणजे पुरतं खोलून सिलिंडर नव्यानं घासून घ्या. बोअरच्या कामात चेन बदलली जाते, गाडी पळायला लागते आणि श्रेय बोअरला मिळतं.

आमच्या धंद्याला वळण मिळालं ते पुण्याच्या एका गिऱ्हाइकामुळे. त्यांच्याकडं जुनी २४० डी होती आणि तिचं वर्कशॉप मॅन्युअल होतं. त्यात कॅमचं टायमिंग डोळ्यांनी खुणा बघून नव्हे, तर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून, व्हॉल्व्ह २ मिलिमीटर उघडला की क्रँक किती अंशांवर आहे, असं मोजायला सांगितलेलं. आणि दुसरी गोष्ट, चेन बदलायला इंजिन उतरवायची गरज नाही. आम्ही डायल गेज घेतलं, अंशांची तबकडी बनवली, आणि चेनची पिन रिव्हेट करायचं हत्यार भोसरीच्या एका मशीन शॉपमधून करून घेतलं. त्या हत्यारानं दिलेला पैसा दुसऱ्या कुठल्या मशीननं आम्हाला दिलेला नाही.

काम असं चालतं. हेड कव्हर काढायचं, चेन ताणून धरणारा टेन्शनर काढायचा, कॉम्प्रेशन अडवू नये म्हणून ग्लो प्लग काढायचे. चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाखाली, म्हणजे स्प्रॉकेटखाली, स्वच्छ फडकी कोंबायची, कारण एक क्लिप खाली पडली तर पुढचं कव्हर खोलायची वेळ येते. वरच्या कडीची पिन घासून चेन तोडायची आणि जुन्या टोकाला नवी चेन जोडायची. मग एक जण पान्यानं क्रँक सरळ दिशेनं, अगदी सावकाश फिरवतो, दुसरा वर चेन स्प्रॉकेटवर दाबून धरतो आणि जुनी ओढून घेतो. ढील पडली, एक दात सुटला, की सगळं पुन्हा. इथं कॉम्प्रेशन २१ला १ आहे, पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागा नावापुरती. म्हणून शेवटची कडी रिव्हेट झाली की सेल मारायच्या आधी हातानं पुरते फेरे देऊन खुणा बघायच्या आणि सगळ्यात शेवटी पंपाचं टायमिंग त्यातून पडणाऱ्या डिझेलच्या थेंबावर लावायचं.

सकाळी आलेली गाडी संध्याकाळी जाते. भाजीच्या टेम्पोवाल्याला याची किंमत कळते. हंगामात त्याची गाडी आठवडाभर उभी राहिली तर बाग त्याच्यासाठी थांबत नाही.

क्रँकचं स्प्रॉकेट मात्र या पद्धतीनं बदलता येत नाही. दात आकड्यासारखे वळलेले दिसले, तर आम्ही सांगतो, इंजिन खोलावंच लागेल. काही जण चिडून जातात. जाऊ देतो. तसंच ऑफसेट चावीचं. कॅमला वाकडी चावी टाकून अंश भरून काढायचा स्वस्त मार्ग आहे, आणि मॅन्युअलमध्येही तो आहे. पंपही त्याच्या खाचांत थोडा फिरवून घेता येतो. पण ढिली चेन ढिलीच राहते आणि टेन्शनर त्याच्या शेवटच्या टोकाला काम करत राहतो. लांब पल्ल्याच्या गाडीला आम्ही अशी चावी टाकत नाही.

पुण्याच्या नाना पेठेत स्वस्त चेनही मिळते. दिसायला चकाचक, पिना मऊ. ती आम्ही बसवत नाही, गिऱ्हाइकानं स्वतः आणली तरीही. चेन, टेन्शनर, गाइड आणि पंपाचं टायमिंग हे एकच काम, त्याचा एकच दर. सुरुवातीला घासाघीस फार व्हायची. मग भिंतीवर एक खिळा ठोकला आणि त्यावर जुनी-नवी चेन शेजारी लटकवायला लागलो. सव्वा मीटरच्या चेनमध्ये काही मिलिमीटरचा फरक खाली स्पष्ट दिसतो. ड्रायव्हर बोट लावून बघतो आणि भावाचं बोलणं तिथंच मिटतं.

आता या गाड्या कमी होत चालल्यात. २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, फिटनेसचे नियम कडक झाले, बऱ्याच ट्रॅक्स भंगारात गेल्या. नवी कॉमन रेल इंजिनं आली, पण मर्सिडीजच्या ओएम ६११ घराण्यातून आलेल्या फोर्सच्या इंजिनातही चेनच आहे. पुतण्यानं स्कॅनर घ्यायला लावला. त्यात कॅम आणि क्रँकचा मेळ बिघडला की कोड येतो. मला अजून डायल गेजवर जास्त भरवसा वाटतो, त्याला स्कॅनरवर. दोन्ही लावतो.

गाडी दाखवायची असेल तर आदल्या रात्री आणून उभी करा आणि सकाळचा पहिला सेल आम्हाला मारू द्या. गरम इंजिन घेऊन आलात तर निम्मं दुखणं झाकलेलं असतं. मागच्या वेळी ऑइल कधी बदललं ते मात्र खरं सांगा.