नागपूरचा उन्हाळा, रात्रीचा स्वयंपाक आणि घरचा ब्रेड

मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी सात वाजता आमच्या स्वयंपाकघरातला तापमापक ३८ अंश सेल्सिअस दाखवतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरातल्या सगळ्यांसाठी पोळ्या लाटायला उभे राहावे लागते. वरण-भात कुकरवर आणि भाजी कढईत सोडून देता येते. पोळीच्या तव्यापासून मात्र पाऊण तास हलता येत नाही, आणि कूलरच्या झोताने गॅसची ज्योत फडफडते म्हणून तोही स्वयंपाकघराकडे वळवता येत नाही. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री तरी ही आच संध्याकाळऐवजी पहाटेकडे ढकलता यावी, या विचाराने मी घरी ब्रेड भाजायला शिकले. नोकरी सांभाळून रोजचा स्वयंपाक करणाऱ्या कोणाला हीच अडचण असेल, तर तिला किंवा त्याला उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दुकानातला ब्रेड आणून हा प्रश्न सुटला असता, असे कोणी म्हणेल. परंतु पाकिटावरच्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, हे एकदा लक्षात आले की बऱ्याच ‘ब्राऊन’ ब्रेडमध्ये सर्वांत आधी मैदा आणि खाली कुठे तरी कॅरॅमलचा रंग लिहिलेला दिसतो. ब्रेडच्या पिठात वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेटवर आपल्या देशात २०१६ साली बंदी आली, तेव्हापासून माझे लक्ष या याद्यांकडे होते. न्याहारीला कधी तरी खाण्याचा पदार्थ आणि पोळीच्या जागी नेमाने ताटात येणारा पदार्थ यांत मी फरक करते. दुसऱ्यात घरचा गहू असावा, हा माझा आग्रह होता.

आमच्याकडे वर्षाचा गहू उन्हाळ्यात भरला जातो. त्यात मुख्यतः लोकवन असतो. हा गहू गिरणीतून दळून आणला की त्याचे पीठ पोळीसाठी उत्तम असते, परंतु ब्रेडच्या दृष्टीने त्याचा स्वभाव वेगळा आहे. ब्रेड फुगतो तो ग्लुटेनच्या जाळ्यामुळे. गव्हातल्या ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांना पाणी मिळाले की हे जाळे तयार होते आणि यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात अडकून राहतो. सबंध गव्हाच्या पिठातला कोंडा या जाळ्याला ठिकठिकाणी छेद देतो. शिवाय जात्याच्या दगडांमध्ये दाबाने आणि उष्णतेने पिठुळ कण चिरडले जातात, आणि असे चिरडलेले स्टार्च मैद्यापेक्षा बरेच जास्त पाणी पिते. म्हणूनच मैद्यासाठी लिहिलेली कृती आपल्या पिठाला जशीच्या तशी लावली की गोळा घट्ट राहतो आणि ब्रेड विटेसारखा जड होतो.

माझे स्थिरावलेले प्रमाण असे आहे : गव्हाचे पीठ ३०० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, पाणी सुमारे ३७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, तेल २० ग्रॅम आणि गूळ १५ ग्रॅम. यीस्ट ऋतूप्रमाणे बदलते. बेकरीच्या हिशेबात एकूण पीठ १०० धरून बाकीचे घटक त्याच्या टक्क्यांत मोजतात. त्या हिशेबाने हे पाणी ७५ टक्के होते. मैदा अजिबात न घालताही ब्रेड होतो, आणि मी तो करतेही, परंतु त्याचा काप मोडतो व रश्शात लवकर विरघळतो. रात्रीच्या जेवणात तो रश्श्याबरोबर खायचा असल्यामुळे काप तग धरणे महत्त्वाचे आहे. ही सगळी मापे वाटीने न घेता वजनकाट्यावर घ्यावीत. वाटीतले पीठ चाळलेले आहे की दाबून भरलेले आहे, यानेच पाण्याचे गणित बदलते.

पीठ आणि पाणी एकत्र करून मी अर्धा तास झाकून ठेवते आणि मीठ व यीस्ट त्यानंतर घालते. पोळीची कणीक भिजवून ठेवण्याची सवय असलेल्या कोणालाही यात नवे काही वाटणार नाही. फ्रान्समधले ब्रेडतज्ज्ञ रेमाँ काल्व्हेल यांनी १९७०च्या दशकात ही विश्रांती ब्रेडच्या कृतीत रूढ केली. या वेळात कोंडा पाणी शोषून मऊ होतो आणि ग्लुटेन आपोआप जुळू लागते, त्यामुळे नंतरचे मळणे निम्म्यावर येते. तरीही मळणे टळत नाही. पुरणपोळीची कणीक जशी तेलपाण्याचा हात लावत तिंबतात, तसा हा गोळा दहा-बारा मिनिटे तिंबावा लागतो. थोडा तुकडा दोन्ही हातांनी हळूहळू ताणला असता तो न फाटता पातळ पडद्यासारखा पसरू लागला, की गोळा तयार आहे असे समजावे.

यापुढचा भाग नागपूरकरांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कृतींमध्ये लिहिलेले ‘दीड तास किंवा दुप्पट होईपर्यंत’ हे शब्द मे महिन्यात निरुपयोगी ठरतात. आमच्या ओट्यावर तेच पीठ चाळीस मिनिटांत भांड्याबाहेर येते. लवकर फुगले म्हणजे काम लवकर झाले, असे नाही. घाईने फुगलेल्या पिठाला चव येत नाही, त्याला यीस्टचा उग्र वास येतो, आणि ग्लुटेनचे जाळे ताणून थकल्यामुळे भट्टीत गेल्यावर ब्रेड वर येण्याऐवजी मध्येच खचतो. यावरचा उपाय बेकरीवाल्यांच्या एका साध्या हिशेबात आहे. मळून झालेल्या पिठाचे तापमान साधारण २६ अंश हवे असेल, तर २६ची तिप्पट करावी, म्हणजे ७८. त्यातून खोलीचे तापमान, पिठाचे तापमान आणि मळताना घर्षणाने वाढणारे तापमान वजा करावे, आणि जे उरेल तितक्या अंशांचे पाणी घ्यावे. हाताने मळताना घर्षणाचे मी २ अंश धरते. मे महिन्यात खोली ३८ आणि पीठ ३६ अंशांवर असले, तर उत्तर २ येते, म्हणजे जवळजवळ बर्फाचेच पाणी लागते.

पिठाचे तापमान हा आकडा असा वेगळा मोजायचा असतो, हे मला सासूबाईंच्या एका वाक्याने नीट उमगले. गिरणीतून आलेला डबा मी बंद करत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, झाकण इतक्यात लावू नकोस, पीठ अजून गरम आहे, घामेजेल.” दळलेले पीठ हाताला कोमट लागते हे मलाही ठाऊक होते, परंतु ती ऊब पाण्याच्या हिशेबात धरावी लागते, हा संबंध तिथे जुळला. तेव्हापासून ज्या रात्री ब्रेडचे पीठ भिजवायचे असते, त्या दिवशी सकाळीच मोजलेले पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवते. पीठ १० अंशांवर आले की हिशेब बदलतो : ७८ वजा ३८, वजा १०, वजा २, म्हणजे २८. इतके गार पाणी माठात असतेच. बर्फ फोडायला नको, काही नको. पीठ फ्रिजमधले आणि पाणी माठातले, एवढ्यावर आमचा उन्हाळ्यातला ब्रेड उभा आहे. यीस्टही मी या दिवसांत निम्मे करते. एरवी ५०० ग्रॅम पिठाला ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट लागते, तिथे मे महिन्यात दीड ग्रॅम पुरते.

वेळेची आखणी अशी असते. रात्री जेवणे आटोपून ओटा आवरला की साडेनऊच्या सुमारास पीठ भिजवते आणि दहानंतर तिंबते. गोळा अर्धा तास बाहेर ठेवून मग तेल लावलेल्या डब्यात फ्रिजमध्ये जातो. चार-पाच अंशांवर यीस्ट फार मंद होते, पण थांबत नाही; या रात्रभराच्या संथ आंबण्यातच ब्रेडला चव येते, आणि माझी झोपही मोडत नाही. पहाटे साडेपाचला गोळा बाहेर काढून त्यातली हवा हलकेच दाबून काढावी, आयताकृती थापून घट्ट गुंडाळी करावी आणि जोड खाली येईल अशा रीतीने नऊ बाय पाच इंचांच्या साच्यात ठेवावी. पहाटेच्या गारव्यात ती तास-सव्वा तासात साच्याच्या काठापर्यंत येते. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला, तर भट्टी तापवायला घ्यावी; तो चटकन भरून आला तर अजून थोडे थांबावे, आणि भरलाच नाही तर क्षणही न दवडता ब्रेड भाजायला टाकावा.

माझ्याकडे साधी टेबलावरची विजेची भट्टी आहे, जिला सगळे ओटीजी म्हणतात. तिच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत माझ्या भट्टीपुरता वीस अंशांचा फरक निघाला. भट्टीत ठेवायचा छोटा तापमापक घेतल्यावरच ते कळले, म्हणून ही खरेदी मी प्रत्येकाला सुचवते. २०० अंशांवर साधारण चाळीस मिनिटे लागतात. साचा खालच्या जाळीवर ठेवावा, कारण वरचा तार ब्रेडच्या अगदी जवळ येतो. वीस मिनिटांनी वर फॉइल झाकले की कवच करपत नाही. पहिल्या काही मिनिटांत ब्रेड झपाट्याने वर येतो, कारण आतली हवा व वाफ प्रसरण पावतात आणि यीस्टही मरण्यापूर्वी जोमाने काम करते. आतले तापमान ६० अंशांच्या आसपास गेले की यीस्ट संपते आणि स्टार्च घट्ट होऊ लागते. मध्यभागी तापमापकाची सुई घातल्यावर ९५ अंश दिसले की ब्रेड झाला. दीड हजार वॅटची ही भट्टी तासभर चालवली तरी दीड युनिटपेक्षा अधिक वीज जात नाही.

गरम ब्रेड कापायचा मोह आवरावा लागतो. आतले स्टार्च बसायला दीड-दोन तास लागतात, तोवर सुरी चिकटते आणि काप ओलसर वाटतो. पहाटे भाजण्याचा इथेही फायदाच आहे : मी कामावरून परत येईपर्यंत ब्रेड पूर्ण निवून कापण्याजोगा झालेला असतो. आमच्या कोरड्या हवेत तो उघडा ठेवला तर दुपारपर्यंत कडक होतो, म्हणून निवल्याबरोबर जाड सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. त्या तापमानाला ब्रेड सर्वांत लवकर शिळा पडतो. उरणारे काप फ्रीझरमध्ये ठेवून लागतील तसे तव्यावर शेकावेत.

आता रात्रीच्या जेवणाविषयी. ब्रेड आला म्हणून जेवण परके झाले, असे आमच्याकडे घडले नाही, आणि तसे घडू नये याची मी काळजी घेतली. डाळ-कांदा हा आमच्या भागातला पदार्थ या ब्रेडबरोबर सर्वांत चांगला जमतो : हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवायची, भरपूर कांदा तेलात परतून त्यात तिखट, धणेपूड, थोडा गरम मसाला घालून डाळ मऊ पण अखंड शिजवायची. त्याचा तिखट रस शेकलेल्या कापात मुरतो. पातोडीच्या रश्श्याबरोबरही ब्रेड चालतो, मटकीच्या उसळीबरोबर तर उत्तमच. वांग्याचे भरीत कापावर पसरून, वर कच्चा कांदा आणि कोथिंबीर घालून मुले आवडीने खातात. साध्या वरणाबरोबर मात्र ब्रेड अजिबात चांगला लागत नाही; त्या रात्री भातच हवा. सासूबाईंना रात्री पोळीच लागते, त्यामुळे त्यांच्या दोन पोळ्या मी आजही लाटते, आणि त्यात दहा मिनिटांहून अधिक वेळ जात नाही. एका कढईत रस्सा, बाजूला काकडीची कोशिंबीर, ताक आणि ब्रेड, असे जेवण मे महिन्यात अर्ध्या तासात मांडून होते.

पावसाळ्यात पीठ हवेतली ओल धरते, म्हणून पाणी १५ ग्रॅम कमी घालते. बुरशीही लवकर येत असल्यामुळे ब्रेड दुसऱ्याच दिवशी फ्रीझरमध्ये जातो. डिसेंबरात सगळेच उलटे होते. खोली २० आणि पीठ १९ अंशांवर असते, हिशेबाने पाणी ३७ अंश म्हणजे कोमट लागते, आणि भट्टीची ऊब संध्याकाळी हवीहवीशी वाटते. तेव्हा मी सकाळी चिमूटभर यीस्ट घालून पीठ ओट्यावरच ठेवून जाते आणि परत आल्यावर त्याचे छोटे पाव करते. ते वीस मिनिटांत भाजून होतात आणि गरम खाल्ले तरी चालतात.

सध्या मी या ब्रेडमध्ये ज्वारी आणण्याच्या प्रयत्नात आहे. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने तिचे कोरडे पीठ मिसळले तर काप भुसभुशीत होतो. परंतु ७५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची १५० ग्रॅम उकळत्या पाण्यात उकड काढून, ती पूर्ण निववून गव्हाच्या पिठात मिसळली, की उकडीतले स्टार्च पाणी धरून ठेवते आणि ब्रेड तिसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहतो. जपानमध्ये दुधाचा मऊ ब्रेड करताना गव्हाच्या पिठावर उकळते पाणी ओतून ते मुरवतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. गव्हाचे पीठ तेवढेच कमी करावे आणि उकडीतले १५० ग्रॅम पाणी एकूण पाण्यातून वजा करावे. यीस्ट मात्र तितकेच ठेवावे, आणि उकड हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय त्यात घालू नये.